क्षमा नव्हे, अभय योजना

मंडेलांचा तो फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. राष्ट्राध्यक्ष मंडेला अंगरक्षकांसोबत एका साध्या हॉटेलात जेवायला जातात. समोरच्या टेबलावर एक माणूस एकटाच बसलेला असतो. मंडेला त्याला आपल्याजवळ बोलावतात. तो येतो, मान खाली घालून जेवतो, त्याचे हात थरथरत असतात. तो गेल्यावर अंगरक्षक म्हणतो, बिचारा आजारी दिसतोय. मंडेला म्हणतात, आजारी नाही, मी तुरुंगात असताना हा माझा पहारेकरी होता. पाणी मागितलं की हा अंगावर लघवी करायचा. खाली हात जोडलेला इमोजी.

आमच्या घरच्या ग्रुपवर हा वर्षातून दोनदा तरी येतो. आणि नेमका तेव्हाच येतो, जेव्हा कुणीतरी एखाद्या जुन्या दंगलीचा किंवा पोलीस कोठडीतल्या मृत्यूचा विषय काढलेला असतो. 'बघा, मंडेलांनी सुद्धा माफ केलं. तुम्ही काय उगाच उकरून काढताय?'

प्रसंग खरा की रचलेला, या फंदात मी पडत नाही. खरा धरून चालू. पहारेकऱ्यानं मंडेलांचा छळ केला आणि मंडेलांनी त्याला माफ केलं. त्यांचं शरीर, त्यांचा अपमान, त्यांची माफी. पण दुसऱ्या कुणाचा नवरा मारून जाळला गेला असेल, तर त्याची माफी मंडेलांच्या खिशात कुठून आली? माझा सगळा वाद या एका प्रश्नाशी आहे. आणि हा प्रश्न टाळूनच गेली पंचवीस-तीस वर्षं दक्षिण आफ्रिकेच्या 'सत्य आणि समेट आयोगा'चा जगभर गौरव चालू आहे. हुकूमशाही किंवा यादवी संपल्यावर मागच्या अत्याचारांचा हिशेब कसा करायचा, याला कायद्याच्या भाषेत संक्रमणकालीन न्याय म्हणतात. त्याच्या कुठल्याही चर्चेत पहिलं उदाहरण हेच असतं.

मराठीत आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, हे बरं आहे. क्षमा करतो तो दुखावलेला माणूस. अभय देतो तो राजा. क्षमा मनातून येते, तिला अर्ज लागत नाही, मुदत नसते. अभयाला दोन्ही लागतं. आपल्या महापालिका थकलेल्या मालमत्ता करासाठी अधूनमधून 'अभय योजना' काढतात: अमुक तारखेपर्यंत मूळ रक्कम भरा, शास्ती माफ. जो येणार नाही त्याच्यावर जप्ती. दक्षिण आफ्रिकेत १९९५च्या कायद्यानं जे उभं राहिलं ते क्षमेचं मंदिर नव्हतं, ती अशीच एक अभय योजना होती. मूळ रक्कम म्हणजे संपूर्ण सत्य. ज्यानं राजकीय हेतूनं गुन्हा केला आहे त्यानं अर्ज करायचा, जे केलं ते सगळं उघड सांगायचं, त्या बदल्यात खटला नाही, दावा नाही. जो येणार नाही, किंवा येऊन खोटं बोलेल, त्याच्यावर फौजदारी.

योजना म्हणून ती वाईट नव्हती, हे आधीच मान्य करतो. चिलीत पिनोशेनं १९७८मध्ये एका फर्मानानं आपल्याच माणसांना सरसकट माफी देऊन टाकली होती. कुणी काही सांगायचं नाही, कुणी काही विचारायचं नाही. त्याच्या तुलनेत दक्षिण आफ्रिकेचा सौदा कितीतरी सभ्य होता. प्रत्येकानं स्वतःच्या नावानं अर्ज करायचा आणि काय केलं ते सांगायचं. ७,११२ अर्ज आले. त्यातले फक्त ८४९ मंजूर झाले, पाच हजारांहून अधिक फेटाळले गेले. म्हणजे आयोग काही मऊ नव्हता.

मग बिघडलं कुठे? जप्तीत.

आयोगाच्या पहिल्या सुनावण्या एप्रिल १९९६मध्ये ईस्ट लंडन या शहरात झाल्या. दुसऱ्या दिवशी नोमोन्डे कलाटा नावाची बाई साक्षीला बसली. तिचा नवरा फोर्ट कलाटा क्रॅडॉक गावचा शिक्षक आणि कार्यकर्ता. २७ जून १९८५च्या रात्री तो मॅथ्यू गोनिवे, स्पॅरो म्कोन्टो आणि सिसेलो म्हलावली यांच्यासोबत पोर्ट एलिझाबेथहून घरी निघाला होता. पोलिसांनी वाटेत गाडी अडवली. नंतर चौघांचे प्रेत सापडले, मारलेले आणि जाळलेले. नोमोन्डे तेव्हा पोटुशी होती. अकरा वर्षांनी हे सांगता सांगता ती मागे रेलली आणि तिच्या तोंडून एक किंकाळी बाहेर पडली. ज्यांनी ती ऐकली त्यांनी पुढे लिहिलं की आयोगाची खरी सुरुवात त्या आवाजानं झाली. माहितीपटांत ती आहे, पुस्तकांत आहे, जगभरच्या विद्यापीठांतल्या व्याख्यानांत आहे. समेटाच्या त्या सगळ्या गोष्टीचं पार्श्वसंगीत म्हणून ती वापरली गेली, असं म्हटलं तर कठोर वाटेल, पण झालं तसंच.

किंकाळीनंतर काय झालं, ते व्याख्यानात सहसा येत नाही. चौघांच्या खुनाबद्दल पोलीस अधिकाऱ्यांनी अभयासाठी अर्ज केले. १९९९मध्ये सहा जणांचे अर्ज फेटाळले गेले, कारण त्यांनी पूर्ण सत्य सांगितलं नव्हतं. सौद्याप्रमाणे आता खटला उभा राहायला हवा होता. अर्ज हातात होते, नावं हातात होती. खटला झाला नाही. २००९पर्यंत नाही, २०१९पर्यंत नाही. एकेक करून सहाही अधिकारी वारले. जून २०२५मध्ये या मृत्यूंची तिसरी न्यायालयीन चौकशी सुरू झाली, तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायला कुणी उरलं नव्हतं. पहिली चौकशी वर्णद्वेषी राजवटीतली, तिनं 'अज्ञात व्यक्ती' असा निष्कर्ष काढला होता. दुसरीनं १९९४मध्ये सुरक्षा दलांना जबाबदार धरलं, पण एकाही माणसाचं नाव घेतलं नाही.

ही एक वाट चुकलेली फाइल नाही. आयोगानं सुमारे ३०० प्रकरणं खटल्यांसाठी सरकारी वकिलांच्या यंत्रणेकडे सोपवली होती. त्यातली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी न्यायालयात पोहोचली. का? दिरंगाई, पैसे नव्हते, जुने पुरावे, अशी उत्तरं बरीच वर्षं मिळाली. मग त्या यंत्रणेचे माजी प्रमुख वुसी पिकोली यांनी २०१५मध्ये शपथपत्रावर सांगितलं की या खटल्यांत राजकीय हस्तक्षेप झाला होता. आणि हस्तक्षेप कुणाचा? गोऱ्यांच्या जुन्या सरकारचा नव्हे. ज्यांच्या लढ्यासाठी ही माणसं मेली, त्याच पक्षाच्या सरकारच्या काळात हे घडलं. एकदा जुन्या पोलिसांचे खटले काढले की आपल्याही काही लोकांच्या फाइली निघतील, ही भीती त्यामागे होती असं तिथले पीडितांचे वकील उघड म्हणतात. मला ते पटतं. आयोगाचा अहवाल १९९८मध्ये प्रकाशित होऊ नये म्हणून आफ्रिकन नॅशनल काँग्रेस स्वतः न्यायालयात गेली होती, कारण त्यात तिच्या छावण्यांमधल्या छळाबद्दलही लिहिलेलं होतं. ती हरली. डेस्मंड टुटू तेव्हा त्यांच्यावर जाहीरपणे चिडले होते. टुटूंचा हसरा फोटो फॉरवर्ड करणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं.

आता अहमद तिमोलची गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या जरा जवळची आहे. मूळ गुजरातचं कुटुंब, जोहान्सबर्गजवळच्या शाळेत हा २९ वर्षांचा शिक्षक. ऑक्टोबर १९७१मध्ये नाकाबंदीत गाडी अडवली गेली, गाडीत बंदी असलेल्या कम्युनिस्ट पक्षाची पत्रकं सापडली. पाच दिवसांनी तो जॉन व्होर्स्टर स्क्वेअर या पोलीस मुख्यालयाच्या इमारतीवरून खाली पडून मेला. पोलिसांनी सांगितलं की त्यानं दहाव्या मजल्यावरच्या खिडकीतून उडी मारली. १९७२मध्ये दंडाधिकाऱ्यानं ते मान्य केलं: आत्महत्या. त्या काळात तिथल्या कोठडीत माणसं साबणावरून घसरून मरत, जिन्यावरून पडून मरत, खिडकीतून उडी मारून मरत. आपल्याकडच्या कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचणाऱ्याला ही यादी अनोळखी वाटणार नाही.

तिमोलच्या आईनं १९९६मध्ये आयोगासमोर साक्ष दिली. त्याच्या मृत्यूबद्दल अभय मागायला एकही पोलीस आला नाही. आयोग संपला. पुढचं सगळं त्याच्या भाच्यानं, इम्तियाझ काजीनं, वर्षानुवर्षं खेटे घालून केलं. साक्षीदार शोधले, पुस्तक लिहिलं, चौकशी पुन्हा उघडायला लावली. १२ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यायाधीश बिली मोथले यांनी निकाल दिला की तिमोलनं उडी मारली नव्हती, त्याला ढकललं गेलं होतं, आणि त्याआधी त्याचा छळ झाला होता. वैद्यकीय तज्ज्ञांनी दाखवून दिलं की काही जखमा पडण्याआधीच्या होत्या. ४६ वर्षांनी. आई तोवर हयात नव्हती. शेवटच्या क्षणी खोलीत असल्याचं सांगणारा पोलीस कर्मचारी जोआओ रॉड्रिग्ज याच्यावर २०१८मध्ये खुनाचा आरोप ठेवला गेला. त्यानं न्यायालयाला सांगितलं, फार उशीर झाला, खटला कायमचा थांबवा. एकेका पायरीवर तो हरला. २०२१च्या जूनमध्ये वरच्या न्यायालयानंही त्याचं अपील फेटाळलं. सप्टेंबरमध्ये तो वारला. खटला सुरूच झाला नाही.

म्हणजे तिमोलच्या घराला सत्य मिळालं ते आयोगातून नाही, न्यायालयातून. 'न्यायालयात शिक्षा होते, आयोगात सत्य मिळतं' अशी जी सोयीची विभागणी सांगितली जाते, तिच्याशी माझं भांडण इथे आहे. खटल्याची भीती असते म्हणूनच माणूस आयोगापुढे तोंड उघडतो. महापालिकेची जप्ती खोटी आहे हे कळल्यावर अभय योजनेत पैसे कोण भरेल?

यावर एक गंभीर उत्तर आहे आणि ते टाळण्यात अर्थ नाही. १९९३मध्ये बंदुका गोऱ्यांच्या हातात होत्या. सैन्य त्यांचं, पोलीस त्यांचे. 'सत्ता द्या आणि तुरुंगात जा' असं सांगून कुणी सत्ता देत नाही. अंतरिम संविधानाच्या शेवटी अभयाचं वचन घातलं गेलं नसतं तर एप्रिल १९९४च्या निवडणुका झाल्या असत्या का, हा प्रश्न पोकळ नाही. स्टीव्ह बिकोच्या कुटुंबानं आणि इतरांनी १९९६मध्ये हा कायदा संविधान न्यायालयात आव्हानित केला. आमच्या माणसाचा खुनी आणि त्याच्यावर खटला भरण्याचा आमचा हक्क, यांच्यामध्ये संसद कशी येते, असं त्यांचं म्हणणं होतं. ते हरले. निकाल लिहिला भारतीय वंशाचे न्यायमूर्ती इस्माइल महोमेद यांनी. तो निकाल थंडपणे लिहिलेला नाही. या कुटुंबांवर आपण काय लादतोय याची जाणीव त्यात जागोजाग आहे. तरी त्यांनी म्हटलं की अभय नसेल तर सत्यही बाहेर येणार नाही आणि देशही पलीकडे पोहोचणार नाही.

मी हे मान्य करायला तयार आहे. सौदा नाइलाजाचा होता, ठीक. पण मग सौदा म्हणूनच पाळा. बिकोच्या कुटुंबाला सांगितलं गेलं की तुमचा हक्क देशासाठी घेतोय, बदल्यात सत्य देऊ. बिकोला मारणाऱ्या पोलिसांनी आयोगापुढे 'झटापटीत डोकं भिंतीवर आपटलं' हीच जुनी कथा पुन्हा सांगितली. १९९९मध्ये त्यांना अभय नाकारलं गेलं. २००३मध्ये सरकारी वकिलांनी जाहीर केलं की खटलाही भरणार नाही. हक्क गेला, सत्य आलं नाही, शिक्षा नाही. याला समेट म्हणायचं असेल तर फसवणुकीसाठी आपल्याला नवा शब्द शोधावा लागेल.

पैशांचंही तेच. आयोगानं शिफारस केली होती की नोंदलेल्या पीडितांना सहा वर्षं, दरवर्षी साधारण १७ ते २३ हजार रँड द्यावेत, आणि वर्णद्वेषात कमावलेल्या उद्योगांवर विशेष कर बसवावा. २००३मध्ये सरकारनं प्रत्येकी ३०,००० रँड एकदाच दिले आणि कराची कल्पना फेटाळली. पीडितांसाठीच्या निधीत पुढेही अब्जाहून अधिक रँड नुसते पडून राहिले. विचारवंत महमूद ममदानी (जन्म मुंबईचा, आणि हो, न्यूयॉर्कचं महापौरपद जिंकलेल्या झोहरानचे वडील) यांचा आक्षेप याहून मोठा आहे. आयोगानं मारलेल्यांना आणि छळलेल्यांनाच पीडित मानलं, पण घराजमिनीवरून हुसकावलेल्या सुमारे ३५ लाख माणसांचं काय? ते तर वर्णद्वेषाचं रोजचं कामकाज होतं. आक्षेप बिनतोड आहे. मात्र त्यावरून काहीजण 'मग खटले ही किरकोळ बाब' असं म्हणतात, तिथे मी थांबतो. कलाटा कुटुंबाला ती किरकोळ नाही.

'दुसरा मार्गच नव्हता' हे खोटं आहे, याचा पुरावा अर्जेंटिना. तिथे १९८५मध्ये, लष्करशाही जाऊन दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा, नागरी न्यायालयात सेनाप्रमुखांवर खटला चालला आणि विदेला, मासेरा यांना जन्मठेप झाली. यावरचा 'अर्जेंटिना, १९८५' हा सिनेमा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. सिनेमा जिथे संपतो तिथून घसरण सुरू झाली. लष्करानं डोळे वटारले, १९८६ आणि १९८७मध्ये खटले थांबवणारे दोन कायदे आले, नंतरच्या राष्ट्राध्यक्षानं सेनाप्रमुखांनाही सोडून दिलं. सगळ्यांनी म्हटलं, संपलं. संपलं नाही, कारण प्लाझा दे मायो चौकात १९७७पासून चकरा मारणाऱ्या आया घरी गेल्या नाहीत. आणि त्या कायद्यांत एक फट राहिली होती: मुलं पळवण्याच्या गुन्ह्याला माफी नव्हती. एका जोडप्याला त्यांच्या आठ महिन्यांच्या मुलीसह उचलण्यात आलं. जोडपं कायमचं गायब, मुलगी एका लष्करी अधिकाऱ्याच्या घरी वाढली. आता कायदा असं म्हणत होता की मूल पळवल्याबद्दल खटला चालेल, पण त्याच्या आईबापाला गायब केल्याबद्दल नाही. हा विचित्रपणा न्यायालयात मांडला गेला आणि त्यातूनच, सिमोन खटल्यात, १४ जून २००५ला सर्वोच्च न्यायालयानं ते दोन्ही कायदे मोडीत काढले. त्यानंतर हजाराहून अधिक लोकांना शिक्षा झाल्या. लोकशाही कोसळली नाही. त्या निकालाला मोठा आधार होता तो २००१च्या बारिओस आल्तोस निकालाचा. पेरूत पंधरा माणसांना मारणाऱ्या पथकाला तिथल्या संसदेनं माफी दिली होती. अमेरिका खंडाच्या मानवाधिकार न्यायालयानं सांगितलं की असल्या माफीला कायदा म्हणून किंमत नाही.

आंतरराष्ट्रीय कायदा या बाबतीत हळूहळू, पण स्पष्टपणे एका दिशेला गेला आहे. १९९९मध्ये सिएरा लिओनच्या लोमे करारात बंडखोरांना सरसकट माफी होती. सही करताना संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीनं स्वतःच्या हातानं एक टीप लिहिली: वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे यांना ही माफी आम्ही मानत नाही. करारावर पेननं लिहिलेली ओळ. पाच वर्षांनी तिथल्या विशेष न्यायालयानं नेमकं तेच उचलून धरलं.

आता तुम्ही विचाराल, आपला काय संबंध? दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न १९४६मध्ये संयुक्त राष्ट्रांत नेला तो भारतानं. तोच भारत छळविरोधी करारावर १९९७मध्ये सही करून बसला आहे आणि आजवर त्याला मान्यता दिलेली नाही. आणि ११ डिसेंबर २०२३ रोजी कलम ३७०च्या निकालात न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी वेगळं मत लिहून शिफारस केली की जम्मू-काश्मीरसाठी, किमान १९८०च्या दशकापासून सरकारी आणि बिगरसरकारी दोन्ही बाजूंनी झालेल्या अत्याचारांसाठी, सत्य आणि समेट आयोग नेमावा. नमुना अर्थातच दक्षिण आफ्रिकेचा. कौल स्वतः काश्मिरी पंडित. शिफारस मनापासूनची आहे यात मला शंका नाही. पण त्यांनी असंही लिहिलं की या आयोगाचं फौजदारी न्यायालय होऊ नये. बरोबर, आयोग न्यायालय नसतोच. पण मग त्याच्या शेजारी न्यायालय कुठे आहे? जवानांवर खटला भरायला केंद्राची परवानगी लागते. २००१पासून आलेल्या ५० प्रस्तावांपैकी ४७ नाकारले, ३ प्रलंबित, असं सरकारनंच २०१८च्या सुरुवातीला राज्यसभेत सांगितलं. आणि पंडितांच्या हत्यांची प्रकरणं पुन्हा उघडा अशी मागणी २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा २७ वर्षं झाली, आता पुरावे कुठून मिळणार, म्हणून ती फेटाळली गेली. एका बाजूला परवानगीची अभय योजना, दुसऱ्या बाजूला उशिराची. यात आयोग बसवला तर किंकाळ्या रेकॉर्ड होतील, बाकी काही नाही.

हे मी मुंबईच्या अनुभवावरून म्हणतो. १९९२-९३च्या दंगलींवरचा श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८मध्ये आला. नऊशे मृत्यू, पोलिसांची आणि पुढाऱ्यांची नावं, सगळं त्यात होतं. तेव्हाच्या युती सरकारनं मुख्य निष्कर्ष नाकारले. मग अंमलबजावणीचं आश्वासन देऊन आलेल्या सरकारांनी तो कपाटात ठेवला. नोव्हेंबर २०२२मध्ये, तीस वर्षांनी, सर्वोच्च न्यायालय बेपत्ता माणसांच्या वारसांना शोधून भरपाई द्या असा आदेश देत होतं. सत्य होतं, छापील होतं, विकत मिळत होतं. त्याचं पुढे काय करायचं हे सांगणारी यंत्रणा नव्हती, कारण आपला चौकशी आयोगांचा १९५२चा कायदा अहवाल स्वीकारायची सक्ती सरकारवर करतच नाही.

म्हणून काश्मीर असो, मणिपूर असो, आयोगाची मागणी करणाऱ्यांनी पहिल्या सुनावणीच्या आधी जप्तीची नोटीस मागावी. सरकारच्या हाताखाली नसलेलं खटल्यांचं स्वतंत्र पथक, परवानगीची अट त्या प्रकरणांपुरती रद्द, आणि आयोगानं नाव घेतलेल्या प्रत्येक प्रकरणाचा निर्णय ठरलेल्या मुदतीत, लेखी. हे नसेल तर कुठल्याही बाईला माइकसमोर बसवू नका. नोमोन्डे कलाटानं एकदा सगळ्या जगासमोर सांगितलं होतं. पुढची एकोणतीस वर्षं ती सरकारी कचेऱ्यांत तेच सांगत होती.